बीजाणू पिकेपर्यंत

१२ ऑगस्ट

काचेच्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी येते आणि दरवर्षी ताई ती आपल्या शिलाई मशीनच्या लंगड्या पायाखाली सरकवते. यंदा मशीनचा पाय दुरुस्त झाला म्हणून डायरी माझ्या वाट्याला आली. माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही, असं ताईचं मत आहे. ते खोडून काढण्यापुरतं तरी लिहावं म्हणतो.

तर आजची घटना. दुकानाच्या मागच्या पत्र्यावर पुन्हा दगड पडला. ताईने विचारलं, "केवढा?" मी हात पसरून दाखवला. ती मागे जाऊन दगड बघून आली आणि म्हणाली, "छोट्या, तू चष्म्याचा धंदा करतोस ना रे?" हात जरा जास्त पसरले गेले असतील, पण दगड तो दगडच.

पुढे दुकान, त्याच्या मागे माझी काचा घासायची खोली, मग चार पावलांचं अंगण आणि अंगणाला लागून चुनखडीचा सरळ उभा कडा. त्यावर सिमेंट फवारून तो एकदाचा बंद करा म्हणून मी नगरपालिकेकडे अर्जांवर अर्ज केले. शेवटी मंजुरी आली. इंजिनिअरसाहेब स्वतः सांगायला आले होते. माझ्याकडून बायफोकल घेतल्यापासून ते पायऱ्या उतरताना चाचपडतात आणि त्याचा दोष मला देतात, तरी आज मी त्यांना चहा पाजला.

१९ ऑगस्ट

काम अडलं. कशामुळे, तर एका फर्नमुळे! लोक कुंडीत ठेवतात तसलं काहीतरी, नेचा म्हणतात त्याला. कड्याच्या मधल्या कपारीत तो उगवलाय आणि तो मूळचा इथलाच असावा, असा कुणाला तरी संशय आलाय. तज्ज्ञाने पाहून लेखी द्यायचं. इथलाच निघाला तर त्या कपारीला कुणी हात लावायचा नाही. कुठल्या कुंडीतून पळून आलेला निघाला तर सिमेंट.

"एका झुडपापायी माझं डोकं फुटायची वाट बघणार हे लोक," मी म्हणालो.

"डोक्यात काही असतं तर मीही काळजी केली असती," ताई म्हणाली.

२३ ऑगस्ट

तज्ज्ञ आल्या. मी जाड चष्म्याचे, दाढीवाले कुणी गृहस्थ येतील असं धरून बसलो होतो. आल्या त्या साठीच्या बाई, केस आखूड, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. चष्मा मात्र जाड होता, आणि त्याची दांडी चक्क दोऱ्याने बांधलेली! दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या माझी नजर त्या दोऱ्यावर गेली आणि पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. बिजागरीचा स्क्रू पडला होता, एवढंच. इतकी शिकलेली माणसं, आणि दोरा.

कपारीकडे जायच्या पायऱ्या माझ्या अंगणातून निघतात, त्यामुळे बाईंना येण्याजाण्याला माझं दुकान ओलांडण्यावाचून इलाज नाही. मी त्यांची पिशवी घेऊन मागोमाग चढलो. कपारीत शेवाळाच्या गादीवर तो नेचा पसरलेला. मी समजत होतो पिसासारखी कातरलेली पानं असतील. हा साधा, अखंड पानाचा, देठाशी रुंद आणि पुढे निमुळता होत गेलेला. एका पानाचं टोक शेवाळात रुतलं होतं. बाईंनी तिथे बोटाने अलगद उचकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अरे, तू इथे!" अगदी जुनं ओळखीचं माणूस भेटावं तसं. मग माझ्याकडे पाहिलं, शेवाळ होतं तसं थापलं आणि उठल्या.

"काय निघालं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पानांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके येतात, तपकिरी. ते सरळ ओळींत असले तर कुंडीतला, वाटेल तसे विखुरलेले असले तर इथला. पिकेपर्यंत थांबावं लागेल."

"किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? त्याला विचारा."

खाली आल्यावर मी चष्मा मागून घेतला, दोरा कापला, नवा स्क्रू घातला. पैसे घेतले नाहीत. दोऱ्याचा चष्मा माझ्या दारातून बाहेर गेला असता तर पेठेत माझी काय शोभा राहिली असती?

३० ऑगस्ट

बाई आल्या, वर गेल्या, ठिपके नाहीत म्हणाल्या. जाताना चष्मा पुढे केला. स्क्रू सैल! मला घाम फुटला. इतकी वर्षं दुकान चालवतोय, मी घट्ट केलेला स्क्रू आठवड्यात सैल झाल्याचं मला आठवत नाही. माफी मागून पुन्हा घट्ट केला.

ताईने मागच्या दारातून सगळं पाहिलं. "फार बोलक्या आहेत नाही रे?" म्हणाली. मला तर त्या विशेष बोलल्याचं आठवत नाही. नेच्याबद्दल थोडं, चुनखडीबद्दल थोडं, मग माझ्या काचा घासायच्या यंत्राबद्दल बरंच विचारलं. लोकांना यंत्रांचं कुतूहल असतं.

६ सप्टेंबर

स्क्रू पुन्हा सैल. आता मात्र चीड आली, स्वतःची. जुना काढला, जरा जाड नवा घातला, भोकात डिंकाचा थेंब सोडला. "आता बघू कसा हलतो," म्हणालो. बाईही म्हणाल्या, "बघू."

आज त्यांनी मला चुनखडी ओळखायला शिकवली. ताईच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर नेलं आणि दगडावर थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. हा नेचा फक्त असल्याच दगडात रमतो, दुसरीकडे नेऊन लावला तर रुसतो, असं त्या सांगत होत्या. मी आणखी एका दगडावर टाकलं, मग आणखी एका. बाटली कधी संपली कळलंच नाही. ताई खवळली. बाईंनी लगेच कबूल केलं की चूक त्यांचीच. मग ताईने त्यांना चहाला बसवून घेतलं आणि मला दुकानात पिटाळलं. आत दोघी काय बोलत होत्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज येत होता.

चहानंतर ताईकडून कळलं ते असं: बाई एका कॉलेजातला वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह सांभाळायच्या. आता निवृत्त. मागे पुढे कुणी नाही, एक भाची आहे, ती लांबच्या शहरात. तिने बाईंसाठी खोली तयार ठेवलीय. हे काम संपलं, लेखी अहवाल दिला, की बाई कायमच्या तिकडे जाणार. तोवर टपाल कचेरीच्या वरची भाड्याची खोली.

"बरंय, म्हातारपणी आपलं माणूस हवंच," मी म्हणालो.

ताईने कपबशा जरा आपटूनच उचलल्या.

१५ सप्टेंबर

आज मी एक शोध लावला आणि तो माझ्याच अंगावर आला. कपारीच्या खाली, अंगणाच्या कोपऱ्यात मला तशाच अखंड पानाचा एक नेचा दिसला. भिंग लावून पाहिलं तर पाठीवर ठिपके आणि तेही सरळ ओळींत! म्हणजे कुंडीतला. म्हणजे कपारीतलाही तोच असणार, म्हणजे सिमेंट. मीच अर्ज केला होता, मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. धावत टपाल कचेरीवर गेलो.

बाई चपला अडकवून तशाच आल्या. खाली बसून पाहिलं, मग वर पाहिलं. वर आमची गॅलरी, गॅलरीत ताईची कुंडी आणि कुंडीत हुबेहूब तेच पान.

"तुमच्याच घरचा आहे," बाई म्हणाल्या. "पानं सारखी दिसली तरी कपारीतल्याशी याचा काही संबंध नाही."

ताई गॅलरीतून सगळं ऐकत होती. "माझी कुंडी चोर ठरली का आता?" म्हणून ओरडली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

स्क्रू सैल. डिंक असूनही.

२१ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

सकाळी दुकान उघडण्याआधी सहज कपारीवर गेलो. (हल्ली सहजच जातो. वर हवा चांगली असते.) बघतो तर पानं पाठीमागून मळलेली. कोपऱ्यातल्या नेच्यासारखे नेटके ठिपके नव्हेत; तपकिरी, भुरभुरीत, जिकडेतिकडे. कुणीतरी चहा उडवल्यासारखे डाग. मी म्हटलं, वर रस्त्याची धूळ पडते, बाई आज येणार, त्यांना स्वच्छ पान बघायला मिळावं. खिशात काचा पुसायचं मऊ फडकं असतंच माझ्या. एकेक पान तळहातावर घेऊन, फुंकर मारून, गोल गोल हात फिरवत पुसलं. काच पुसतात तसंच, कडेकडेने, ओरखडा न उठवता. सगळी पानं लखलखीत केली. मनातून मला फार बरं वाटत होतं.

बाई आल्या. मी म्हणालो, "बघा, किती मळली होती पानं, सगळी साफ केली!"

बाईंनी एक पान उलटं केलं. दुसरं केलं. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, ते तपकिरी झालं होतं.

"चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "आपण ज्यांची वाट बघत होतो ना, ते या फडक्यात आहेत."

पायाखालची पायरी सरकल्यासारखं वाटलं. मी काही बोलणार, तेवढ्यात बाई हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या. चष्मा नाकावरून घसरला, दांडी निखळली, तरी हसू थांबेना. डोळे पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्षं पानं बघतेय. लोकांनी तोडली, तुडवली, शेळ्यांना घातली. पॉलिश करून मला कुणी दिली नव्हती."

मी दहादा माफी मागितली. पुन्हा ठिपके यायला किती वेळ लागेल विचारलं. "आता परत थांबणं आलं," बाई म्हणाल्या. एवढं काम नासलं, पण रागाचा लवलेश नाही. उलट जाताना कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. फार मोठ्या मनाची बाई.

३० सप्टेंबर

चष्म्याच्या, नाकावर टेकतात त्या दोन मऊ गाद्या आल्या होत्या, त्या द्यायला टपाल कचेरीच्या वर गेलो. खोली लहान, पण काय टापटीप! कागदांच्या घड्यांत पानं दाबून ठेवलेली, वर विटा. टेबलावर चिमटे, सुया, ब्लेड, दोन भिंगं आणि एक छोटासा स्क्रूड्रायव्हर, थेट माझ्याकडच्यासारखाच, चष्म्याच्या कामाचा. मला कौतुक वाटलं. स्वतःचं सूक्ष्मदर्शक स्वतः दुरुस्त करत असणार. मी म्हणालोही, "चांगलं हत्यार ठेवलंय." बाईंनी घाईघाईने त्यावर कागद ठेवला. नीटनेटक्या माणसांना पसारा दाखवायला आवडत नाही.

त्यांनी मला एक दाबलेलं पान दाखवलं, पुष्कळ जुनं. इथल्याच जातीचं. "याची शेपटी बघा," म्हणाल्या. "लांब होत जाते, वाकते, जिथे टेकेल तिथे मूळ धरते आणि नवं रोप होतं. असा एकेक पाऊल टाकत खडकावरून चालतो हा. कुंडीतल्याला हे जमत नाही."

"म्हणजे चालतो आणि थांबतोही," मी म्हणालो.

"थांबायला जागा मिळाली तर," बाई म्हणाल्या.

  खाली टपालावर शिक्के मारल्याचा आवाज येत होता. चहा निवला तो तसाच प्यालो.

८ ऑक्टोबर

एक नवल. ताई कुणालाही सहजासहजी 'अगं तुगं' करत नाही. शेजारच्या घड्याळजीच्या बायकोला वीस वर्षं 'अहो' म्हणतेय. आज बाई पायऱ्या उतरून आल्या तर ताई म्हणाली, "ये गं, हात धू, पानं वाढलीयेत." बाईही "आले ताई" म्हणून आत गेल्या. मी बघतच राहिलो. मला तर त्या अजून 'चष्मेवाले' म्हणतात.

स्क्रूचं आता माझ्या डोक्यात बसलंय. आज फ्रेमच्या कंपनीला कडक पत्र लिहिलं की तुमच्या बिजागरीचे आटे सदोष आहेत, एक सभ्य गिऱ्हाईक दर आठवड्याला हेलपाटे घालतंय. ताईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छोट्या, तू स्वतःचे डोळे कधी तपासलेस?"

गेल्याच वर्षी तपासले. लांबचं उत्तम आहे. जवळचं थोडं कमी.

१४ ऑक्टोबर

इंजिनिअरसाहेब आले, चाचपडत पायरी चढले आणि उभ्या उभ्या सांगून गेले. सोमवारी बैठक आहे. तोवर लेखी आलं नाही तर नेचा नाही असं धरणार आणि सिमेंटवाले पुढल्याच दिवशी यंत्र लावणार. "तुमचंच काम आहे, आनंद माना," म्हणाले.

ते गेल्यावर मी कपारीवर गेलो. पुसलेली पानं अजून कोरीच आहेत. शेवाळावर हात ठेवून बसलो. दोन महिन्यांपूर्वी मला हा सगळा कडा सिमेंटने लिंपून हवा होता. आता त्या पानांवर कुणी राखाडी चिखल फवारेल या विचाराने मी नकळत त्यांच्यावर आडवा हात धरला.

बाईंना घाई करायला सांगितलं पाहिजे. पण घाई केली की अहवाल होणार, अहवाल झाला की बाई जाणार. हे मनात आलं आणि मी खाली उतरायचंच विसरलो. ताईने दोनदा हाक मारली म्हणे.

यात वाईट वाटण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. त्या पाहुण्या, काम झालं की जाणारच. नेचा वाचला पाहिजे हे महत्त्वाचं. तरी सांगायला उद्या जाऊ म्हटलं. आज दुकानात गर्दी होती. (नव्हती.)

१५ ऑक्टोबर

गेलो. दारातच म्हणालो, "बाई, सोमवारच्या आत लेखी द्यावं लागेल, नाहीतर सिमेंट फवारतील. ठिपके आले नाहीत हे ठाऊक आहे, पण दुसरं काहीतरी बघा. तुम्हाला ओळखता येईल, मला खात्री आहे."

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "लेखी दिलं की माझं इथलं काम संपलं," म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"मग काय, भाची वाट बघत असेल तुमची."

त्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की माझ्या कॉलरला काही लागलंय की काय असं मला वाटलं. मग टेबलाशी बसल्या आणि झरझर लिहायला लागल्या. चहाचं पाणी उकळायच्या आत अहवाल तयार. पानाची शेपटी, टोकाला मूळ, त्यातून उगवलेलं रोप, सगळं त्यात होतं. नेचा इथलाच. शंका नाही.

"म्हणजे शेपटीवरून ओळखता येत होता?" मी विचारलं. "मग ठिपक्यांची वाट कशाला बघत होतो आपण?"

"खात्री केलेली बरी असते," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली.

शास्त्राची माणसं किती काटेकोर असतात! मी तो कागद स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिला. परत येताना खूप आनंद व्हायला हवा होता.

२० ऑक्टोबर

कपार वाचली! त्या भागाला सिमेंट लागणार नाही. दोन्ही अंगांना जाळी बसवतील, म्हणजे माझा पत्राही वाचला. साहेब म्हणाले, "चष्मेवाले, अर्ज तुम्हीच केलात आणि मोडताही तुम्हीच घातलात. तुमच्या चष्म्यासारखंच आहे तुमचं, वर एक नंबर, खाली एक." मला हसूही आलं नाही.

बाई रविवारच्या बसने जाणार.

२४ ऑक्टोबर

बाई निरोप घ्यायला दुकानात आल्या. शेवटचं म्हणून चष्मा पुढे केला. मी ठरवूनच बसलो होतो, माझ्या हातची निशाणी म्हणून हे काम तरी पक्कं झालं पाहिजे. बिजागरीच बदलली. नवा स्क्रू, त्यावर लाख, वरून टोक घासून सपाट. आता कुणी ठरवलं तरी तो फिरायचा नाही. "बाई, आता वर्षानुवर्षं बघायला नको," म्हणालो.

बाईंनी दांडी दोनदा उघडून मिटून पाहिली. "अगदी पक्कं केलंत," म्हणाल्या. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं, रुमाल काढला. मग ताईला भेटून निघून गेल्या.

चहाच्या वेळी ताई गप्प होती. ताई गप्प म्हणजे घरात कुणीतरी आजारी असावं तसं. शेवटी म्हणाली, "छोट्या, स्क्रू आपोआप सैल होतो का रे?"

"नाही होत. तेच तर कंपनीला लिहिलं मी."

"डिंक लावलेला?"

"मुळीच नाही."

"मग कसा होतो?"

"कुणीतरी फिरवल्याशिवाय..." मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

छोटासा स्क्रूड्रायव्हर, त्यावर घाईने ठेवलेला कागद. पहिल्या दिवशी शेवाळात रुतलेलं ते टोक, "अरे, तू इथे!" आणि मला बघून ते पुन्हा झाकून टाकणं. त्यांनी नेचा त्याच घटकेला ओळखला होता. पानं पुसली तेव्हाचं ते हसू. मी एकेक आठवत गेलो आणि ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"दिसलं का?" तिने विचारलं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तक्त्यावरची अक्षरं गिऱ्हाइकाला आपण वाचून दाखवतो का रे?"

लिहून टाकतो. त्या गेलेल्या मला नको आहेत. मला त्या इथेच हव्यात, दर आठवड्याला नव्हे, रोज. आणि मी मूर्खाने स्क्रूला लाख लावून ठेवली.

२५ ऑक्टोबर

बसस्टँडवर पोचलो तेव्हा बाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, शेजारी ट्रंक. बस लागली होती.

"तुम्ही?" म्हणाल्या.

"चष्मा बघू जरा."

"अहो, कालच तर पक्का केलात."

मी हात पुढे करूनच उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढून दिला. मी शेजारी बसलो, खिशातून हत्यारं काढली, ब्लेडने लाख खरवडली आणि स्क्रू फिरवायला लागलो. लाख चांगली बसली होती, सुटता सुटेना. माझ्याच कामाला मी आयुष्यात पहिल्यांदा शिव्या घातल्या. शेवटी सुटला. दांडी लोंबायला लागली. स्क्रू मी खिशात टाकला.

"हा सैल झालाय," मी म्हणालो. "असा घेऊन लांबचा प्रवास करू नये."

बाई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या. चष्म्याशिवाय मी त्यांना धुरकट दिसत असणार, ते एक बरं होतं. "आपोआप झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. यावेळी मी केला."

त्यांचे कान लाल झाले. बसचा कंडक्टर ओरडला, "बाई, चढताय ना?" बाईंनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"आणि दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?" मला विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "लेखी तर मुळीच देणार नाही. पण तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं. हे तोंडी सांगतो."

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तोंडी चालेल," म्हणाल्या.

कंडक्टरने पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चष्मा मोडलाय हो, कशी जाऊ?" बस गेली. ट्रंक जड होती. मी एका बाजूने धरली, त्यांनी दुसऱ्या. रस्ताभर त्या मला खड्डे कुठे आहेत विचारत होत्या आणि मी सांगत होतो.

ताई दारातच उभी होती. तीन कप आधीच मांडलेले.

१६ नोव्हेंबर

पुसलेल्या पानांवर पुन्हा ठिपके आले, वाटेल तसे विखुरलेले. बाईंनी भिंगातून पाहिले, मग मला दाखवले. ज्या पानाचं टोक शेवाळात रुतलं होतं, त्यातून आलेलं रोप आता बोटभर झालंय.

भाचीचा फोन आला होता. चष्म्याचं काम अजून निघतंय, असं बाईंनी सांगितलं. भाची म्हणाली की एवढा वेळ लागत असेल तर दुसऱ्या दुकानात टाका. बाई म्हणाल्या की हा कारागीर जरा मंद आहे, पण घेतलेलं काम सोडत नाही.

चष्मा सध्या दोऱ्याने बांधलाय. माझ्या धंद्याला हे शोभत नाही आणि घड्याळजी येता जाता चिडवतोही. कपारीवर जाताना काचा पुसायचं फडकं मात्र मी आता ताईकडे ठेवून जातो.